वार कितपत लागला?

ऑक्टोबर २०१४ मध्ये देवळी विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे रणजित कांबळे अवघ्या ९४३ मतांनी निवडून आले. समोर भाजपचे सुरेश वाघमारे होते, वर्ध्याचे माजी खासदार. शेजारच्या हिंगणघाटात भाजपचे समीर कुणावार साठ हजारांहून जास्त मताधिक्याने जिंकले. तिथे दुसऱ्या क्रमांकावर ना काँग्रेस होती ना राष्ट्रवादी, बसपा होती. वर्ध्याची जागा काँग्रेसमधून आलेल्या डॉ. पंकज भोयर यांनी भाजपला मिळवून दिली. आर्वीत काँग्रेसचे अमर काळे जिंकले. जिल्ह्यात जागा चार. दोन इकडे, दोन तिकडे.

या चारही मतदारसंघांतल्या घरांत त्या तीन आठवड्यांत टीव्हीवरून एकच प्रश्न विचारला जात होता: ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ २५ सप्टेंबरला युती तुटली, त्याच दिवशी आघाडीही तुटली, आणि भाजपने पंधरा वर्षांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी राजवटीवर हा प्रश्न सोडला. सामान्य दिसणारी माणसं पडद्यावर येत, आपलं गाऱ्हाणं सांगत आणि शेवटी तेच वाक्य म्हणत. लोकांनी त्याची टिंगल केली, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची विडंबनं फिरली, पोरंसोरं ते वाक्य घरात कशालाही जोडू लागली. निकालात भाजपला १२२ जागा मिळाल्या आणि राज्यात पहिल्यांदा भाजपचा मुख्यमंत्री झाला. तेव्हापासून प्रचारतंत्रावर बोलणारा प्रत्येक जण या मोहिमेचं उदाहरण देतो. ती गाजली, म्हणून ती चालली, असं गृहीत धरलं जातं. पुढे हेच वाक्य विरोधकांनी भाजपवर उलटवलं, तेव्हाही गृहीतक तेच होतं.

पण वर्धा जिल्ह्याचे चार निकाल एकत्र मांडले की हे गृहीतक डळमळतं. जाहिरात एकच होती, वाहिन्या त्याच होत्या, दिवसही तेच होते. मग एका ठिकाणी साठ हजारांची आघाडी आणि दुसऱ्या ठिकाणी ९४३ मतांची पिछाडी कशी? उत्तर जाहिरातीबाहेर शोधावं लागतं: उमेदवार कोण, त्याचं गावोगावचं जाळं किती जुनं, समोर किती जण उभे, कुणबी, तेली, दलित आणि आदिवासी मतं कशी विभागली. यावरून जाहिरात निकामी होती असं मात्र सिद्ध होत नाही. कदाचित तिने चारही ठिकाणी भाजपला सारखाच थोडा हात दिला असेल. हिंगणघाटात तो हात नसता तरी चाललं असतं, देवळीत तो पुरला नाही. देवळीत ४७२ माणसांनी बाजू बदलली असती तर निकाल उलटला असता. एवढ्याशा फरकाचं श्रेय किंवा अपश्रेय टीव्हीवरच्या तीस सेकंदांना द्यायचं, की एखाद्या गावात शेवटच्या रात्री रुसलेल्या सरपंचाला, हे नुसता निकाल पाहून सांगता येत नाही. हल्ल्याच्या जाहिरातींवर आपल्याकडे जे काही बोललं जातं, त्यातलं बहुतेक सगळं मात्र नुसता निकाल पाहूनच बोललं जातं.

वर्ध्याचा इतिहास या बाबतीत फार शिकवणारा आहे.

१९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसने रिडिफ्यूजन या जाहिरात संस्थेकडून जी मोहीम करून घेतली, ती स्वतंत्र भारतातली भीतीवर उभी राहिलेली पहिली मोठी प्रचारमोहीम. देशाची सीमा उद्या तुमच्या दारापर्यंत येऊन ठेपेल का, असा तिचा सूर होता. विरोधी पक्षांचं नाव घ्यायची गरजच नव्हती, वाचणाऱ्याला रोख कळत होता. काँग्रेसने चारशेहून जास्त जागा जिंकल्या आणि श्रेयाचा वाटा जाहिरातींनाही मिळाला. पाच वर्षांनी काँग्रेसने पुन्हा त्याच संस्थेकडे काम दिलं आणि पक्ष दोनशेच्या खाली आला. वर्ध्यात मात्र दोन्ही वेळा एकच माणूस निवडून आला: वसंत साठे. देशात काँग्रेस भरतीला होती तेव्हाही साठे, ओहोटीला लागली तेव्हाही साठे. मग १९९१ मध्ये त्यांना मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी पाडलं. ज्यांच्या मंत्रिपदाच्या काळात १९८२ साली दूरदर्शनला रंग आले, प्रसारमाध्यमांची ताकद ज्यांना देशात सगळ्यात आधी उमगली होती अशा नेत्यांपैकी एक, त्यांचा पराभव लाल झेंड्याच्या उमेदवाराने केला. घंगारेंकडे टीव्हीची मोहीम नव्हती. त्यांच्याकडे शेतमजूर होते, मोर्चे होते आणि वर्षानुवर्षांची ओळख होती.

२००४ ची गोष्ट तर याहून बोलकी. भाजपच्या ‘इंडिया शायनिंग’ मोहिमेला काँग्रेसने ‘आम आदमी को क्या मिला?’ असं उत्तर दिलं. हल्ल्याची जाहिरात म्हणून मला ती आजही भारतातली सर्वोत्तम वाटते. तिने शिवी दिली नाही की कुणाच्या घरात डोकावून पाहिलं नाही. समोरच्याचाच दावा घेतला आणि त्याच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवला. कापसाच्या भावाने आणि कर्जाने पिचलेला विदर्भ या प्रश्नासाठी सगळ्यात सुपीक जमीन असायला हवा होता. केंद्रात सरकार बदललं. पण वर्ध्यातून निवडून आले भाजपचे सुरेश वाघमारे, प्रभा राव यांच्याविरुद्ध, तीन हजारांच्या आसपास मतांनी. ज्या जाहिरातीने सरकार पाडलं असं म्हणतात, तिची सगळ्यात योग्य जागा असलेल्या जिल्ह्यातच तिचा उमेदवार पडला. इथेही मी जाहिरातीला फोल म्हणणार नाही. ती नसती तर कदाचित राव तीस हजारांनी पडल्या असत्या. अडचण हीच आहे: ‘नसती तर’ काय झालं असतं ते कुणी पाहिलेलं नाही.

जगात यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. रिचर्ड लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १११ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना दिसलं ते असं: हल्ल्याची जाहिरात लोकांच्या जास्त लक्षात राहते, पण ती मतं मिळवून देते याला पुरावा नाही. ज्याच्यावर हल्ला होतो त्याची प्रतिमा थोडी खालावते, हल्ला करणाऱ्याचीही खालावते. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या ४९ जाहिराती घेऊन अलेक्झांडर कोपॉक, सेथ हिल आणि लिन व्हावरेक यांनी सुमारे ३४ हजार लोकांवर ५९ प्रयोग केले. जाहिरात गुणगान करणारी असो की वार करणारी, मत देण्याच्या इराद्यात पडलेला फरक एक टक्क्याहूनही कमी होता. टेक्ससच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात तर कोणत्या शहरात जाहिरात कधी लागणार हेच चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. परिणाम दिसला, चांगला ठळक दिसला, आणि आठवड्याभरात जवळजवळ विरून गेला.

हे आकडे अमेरिकेचे. आपल्याकडच्या कार्यकर्त्याला ते सांगितले की तो म्हणतो, तिथे दोनच पक्ष, इथे वीस उमेदवार. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याचाही अभ्यास झालेला आहे. इटलीतल्या एका महापौरपदाच्या निवडणुकीत तिरंगी लढत होती. संशोधकांनी प्रत्यक्ष प्रचारातच प्रयोग केला आणि आढळलं की एकाने दुसऱ्यावर वार केला की फायदा तिसऱ्याचा होतो. मतदार घायाळ उमेदवाराला सोडतो, पण वार करणाऱ्याकडे जात नाही. २०१४ च्या महाराष्ट्रात चार-पाच मोठे पक्ष स्वतंत्र लढत होते. तेव्हा ‘कुठे नेऊन ठेवलाय’ने काँग्रेस-राष्ट्रवादीपासून तोडलेली मतं सगळी भाजपच्याच पदरात पडली, असं मानायला काही आधार नाही. काही शिवसेनेकडे, काही मनसेकडे आणि आमच्या भागात काही हत्तीकडेही गेली असतील.

हल्ल्यातली माणसंच जागा बदलतात, ही आपल्याकडची आणखी एक गोष्ट. २०१४ च्या लोकसभेला वर्ध्यात काँग्रेसचे उमेदवार होते सागर मेघे. भाजपचे रामदास तडस, कुस्तीच्या आखाड्यातून राजकारणात आलेला माणूस, त्यांच्यावर २,१५,७८३ मतांनी विजयी झाले. काँग्रेसच्या राजवटीवर तुटून पडलेला तो प्रचार संपून फार दिवस झाले नव्हते, तोच सागर यांचे वडील दत्ता मेघे आणि त्यांचे पुत्र भाजपमध्ये दाखल झाले. सिंचन घोटाळ्याच्या आरोपांवर २०१४ चा विधानसभा प्रचार रंगला, आणि ज्यांच्याकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं ते अजित पवार २०२३ मध्ये महायुतीत उपमुख्यमंत्री झाले. आरोप करणाऱ्यालाच आरोप मागे घ्यावा लागतो, तेव्हा पुढच्या प्रत्येक आरोपाची किंमत उतरते. आमच्याकडच्या पानठेल्यावर याची चर्चा ऐकली तर कळतं की मतदार जाहिरातीतला आरोप खोटा मानत नाही. त्याला तो आरोप तात्पुरता वाटतो. आज हा याला चोर म्हणतो, उद्या हे दोघे एका गाडीत बसतील, एवढं धरूनच तो ऐकतो. परिणाम मोजणाऱ्या कुठल्याही प्रश्नावलीत हा अनुभव कुणी विचारात घेतलेला मी पाहिलेला नाही.

१ एप्रिल २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींची वर्ध्यात सभा झाली. राज्यातल्या प्रचाराची ती सुरुवात होती. ‘हिंदू दहशतवाद’ हा शब्द काँग्रेसने आणला असा आरोप त्यांनी केला, आणि राहुल गांधी वायनाडला का गेले यावरही टीका केली. भाषणाची तक्रार निवडणूक आयोगाकडे गेली. आयोगाने आचारसंहितेचा भंग झाला नसल्याचा निर्णय दिला, त्यावर आयुक्त अशोक लवासा यांनी असहमती नोंदवली. त्या एका सभेमुळे वर्ध्याचं नाव महिनाभर देशभरच्या वर्तमानपत्रांत राहिलं. प्रत्यक्ष वर्ध्यात काय झालं? तडस पुन्हा जिंकले, ५,७८,३६४ मतं घेऊन. पण प्रभा रावांच्या कन्या चारुलता टोकस यांनी ३,९१,१७३ मतं मिळवली आणि मताधिक्य १,८७,१९१ वर आलं. देशात भाजपची लाट वाढत असताना वर्ध्यात आघाडी २८ हजारांनी घटली. सभेने ती घटवली असं मी म्हणत नाही. वार झाला वर्ध्याच्या मैदानातून, पण त्याचा श्रोता वर्ध्यात नव्हता. तो उत्तर भारतातल्या टीव्हीसमोर बसला होता. त्या भाषणाचा परिणाम वर्ध्याच्या मतपेटीत मोजायला जाणं म्हणूनच चुकीचं ठरेल. हल्ला मोजायचा तर तो कुणासाठी होता, हे आधी ठरवावं लागतं.

यानंतरचा प्रसंग २०२४ चा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सहा-सात महिन्यांच्या अंतराने त्याच जिल्ह्यात, जवळपास त्याच मतदारांसमोर, जवळपास तोच हल्ला दोनदा झाला.

२६ एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं. अमर काळे ऐनवेळी काँग्रेसमधून शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले आणि तुतारी वाजवणारा माणूस हे नवं चिन्ह घेऊन उभे राहिले. महाविकास आघाडीचा वार मुख्यतः तीन ठिकाणी होता: शेतमालाचा भाव, फोडलेले पक्ष आणि राज्यघटना बदलली जाण्याची भीती. यातल्या पहिल्यासाठी जाहिरातीची गरजच नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस सातेक हजारांवर आला होता, सोयाबीन ४,६०० रुपयांच्या हमीभावालाही धड पोचत नव्हतं. कास्तकाराच्या घरात कापूस भाव वाढेल म्हणून पडून होता. जाहिरातीने त्या रागाला फक्त बोट दाखवायला एक चेहरा दिला. काळे ५,३३,१०६ मतं घेऊन ८१,६४८ च्या फरकाने निवडून आले. तडसांची २०१९ च्या तुलनेत सव्वा लाखाहून जास्त मतं घटली.

विश्लेषकांनी लगेच निष्कर्ष काढला: हल्ला चालला. भाजपनेही तोच काढला, त्यांनी त्याला ‘फेक नॅरेटिव्ह’ नाव दिलं. दोन्ही बाजूंचं या एका मुद्द्यावर एकमत होतं.

मग २० नोव्हेंबर आला. सोयाबीनचा हमीभाव आता ४,८९२ होता आणि बाजार समितीत माल त्याहून बराच खाली जात होता. म्हणजे तोटा एप्रिलपेक्षा जास्त होता, आणि नवा माल नुकताच घरात आल्यामुळे जखम ताजी होती. विरोधकांनी तोच वार पुन्हा केला, सात हजार भाव देऊ म्हणाले. आणि जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपने जिंकल्या. आर्वीत सुमित वानखेडे यांनी खासदार काळेंच्या पत्नी मयूरा काळे यांना सुमारे ३९ हजारांनी हरवलं. १९९९ पासून निवडून येणारे रणजित कांबळे देवळीत राजेश बकाने यांच्याकडून पडले. हिंगणघाट आणि वर्धा कुणावार आणि भोयर यांनी राखलं.

हल्ल्याचा विषय तोच, दुखणं वाढलेलं, आणि निकाल उलटा. ज्यांनी एप्रिलचा निकाल पाहून ‘भावाचा मुद्दा चालला’ असं लिहिलं, त्यांनी नोव्हेंबरात काय लिहावं?

माझं मत असं. एप्रिलमध्ये भावाच्या मुद्द्याला सत्ताधाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. नोव्हेंबरातही भाव सुधारला नव्हता, पण घरातल्या बाईच्या खात्यात ऑगस्टपासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये येऊ लागले होते. शिवाय महायुतीनेही सोयाबीनला सहा हजारांचं आश्वासन दिलं. आणि एक नवा हल्ला विरोधकांवर झाला, ज्याची चर्चा ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ यांच्या गदारोळात फार कमी झाली: हे आले तर लाडकी बहीण बंद करतील. योजनेविरुद्ध नागपूर खंडपीठात याचिका दाखल झाली होती, तिच्यामागे काँग्रेसचा माणूस आहे असा प्रचार झाला. आघाडीने तीन हजार देण्याचं वचन दिलं, तरी तो संशय पुसला गेला नाही. वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिराती मोठ्या घोषणांच्या होत्या. गावात बायका एकमेकींना सांगत होत्या ते मात्र हे. हाताशी आलेलं जाण्याची भीती प्रत्येक महिन्याच्या पैशाबरोबर नव्याने जागी होत होती. जो परिणाम एरवी आठवड्यात विरतो, त्याला बँकेचा संदेश दर महिन्याला उजाळा देत होता.

हे माझं मत आहे, पुरावा नाही. हे तपासता येईल असं मात्र मला ठामपणे वाटतं, आणि कुणी तपासत नाही याचं वाईट वाटतं.

सरकारी यंत्रणा काय तपासते? सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशानंतर टीव्ही आणि केबलवरची प्रत्येक राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. जिल्हाधिकारी कार्यालयात त्यासाठी माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती असते. पक्षाने किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या तीन दिवस आधी संहितेसह अर्ज करायचा. समाजमाध्यमंही २०१३ पासून या चौकटीत आहेत. मतदानाच्या आणि आदल्या दिवशी छापायच्या जाहिरातींनाही मंजुरी लागते. आचारसंहिता सांगते की टीका धोरणांवर, कार्यक्रमांवर आणि मागच्या कामावर करा. खासगी आयुष्यावर नको, पडताळणी न झालेले आरोप नकोत. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं. उमेदवाराच्या खर्चाला लोकसभेसाठी ९५ लाखांची, विधानसभेसाठी ४० लाखांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला काहीच मर्यादा नाही, आणि मोठ्या हल्ल्यांचा पैसा पक्षाच्याच खिशातून येतो. समिती जाहिरात नियमात बसते का ते पाहते. ती खरी आहे का, हे पाहण्याची साधनं तिच्याकडे नाहीत, आणि तिने काय साधलं हे पाहणं तिचं कामही नाही. निनावी पानं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चित्रफिती तर तिच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत.

परिणाम पाहायचा तर त्यासाठी लागणारी कच्ची माहिती सगळ्यांना खुली आहे. नमुना क्रमांक २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्राची उमेदवारनिहाय मतं दिलेली असतात. समजा एखाद्या पक्षाने समुद्रपूर तालुक्यातली शंभर गावं घेतली, चिठ्ठ्या टाकून पन्नास गावांत भोंग्याच्या गाडीवरून विरोधकावरचा हल्ला वाजवला आणि उरलेल्या पन्नासांत स्वतःच्या कामाची ध्वनिफीत. दोन्ही गटांतल्या केंद्रांची मतं, मतदानाची टक्केवारी आणि मागच्या निवडणुकीतली मतं शेजारी ठेवली की ‘नसती तर’ काय झालं असतं याचा अंदाज कागदावर येतो. गाड्या तर फिरतातच, डिझेल तर जळतंच. जास्तीचा खर्च फक्त चिठ्ठ्यांचा आणि नोंदवहीचा. टक्केवारीही पाहायची ती यासाठी, की हल्ल्याचा हेतू दर वेळी मत ओढण्याचा नसतो. समोरच्याचा मतदार वैतागून घरी बसावा एवढाच असू शकतो. अशा वेळी हल्ला करणाऱ्याचं एकही मत वाढत नाही आणि तरी तो यशस्वी ठरतो.

केंद्रनिहाय आकड्यांची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. कोणत्या वस्तीने मत दिलं नाही हे त्यातून उघड होतं आणि नंतर तिथला रस्ता अडतो. म्हणूनच आयोगाने अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव मांडला होता, तो अजून अमलात आलेला नाही. उद्या तो आला तर मतदाराची सुरक्षितता वाढेल आणि माझ्यासारख्यांचं मोजमाप अवघड होईल. तो यावा असंच मी म्हणेन.

आता नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने त्या ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरकायला सांगितलं होतं. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी रेल्वे या सहा पालिकांत एकेका प्रभागाचा निकाल मूठभर मतांवर फिरू शकतो. टीव्हीची जाहिरात इथे पोचत नाही. इथे हल्ला होतो तो घराघरात सरकवलेल्या कागदाने आणि मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितीने, आणि तोही बहुधा अशा वेळी की उत्तर द्यायला दिवस उरत नाही. एक टक्का मतं हलवणारी गोष्ट लोकसभेत विरून जाते, प्रभागात तीच नगरसेवक ठरवते. कोणत्या गल्लीत कोणतं पत्रक कोणत्या रात्री पडलं, हे प्रत्येक प्रभागातल्या चार-दोन कार्यकर्त्यांना माहीत असतं. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र विभागांनी अशा प्रत्येक निवडणुकीत त्यांच्याकडून ते तारखेसह लिहून घ्यावं, आणि निकालाचे केंद्रनिहाय तक्ते आले की दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.